ऊन सर्वांचे, छप्पर कोणाचे?

आषाढी एकादशीला ज्यांना प्रपंचाच्या अडचणीमुळे पंढरीची वाट धरता येत नाही, असे आमच्या करवीर प्रांतातील हजारो वारकरी नंदवाळला जातात. कोल्हापुरातून दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होते आणि पावसाने चिंब झालेली मंडळी प्रतिपंढरीच्या विठुरायापुढे जाऊन उभी राहतात. अशाच एका आषाढात परतीच्या वाटेवर पावसाने गाठले म्हणून आम्ही एका लहानशा गावातील विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात टेकलो. गावाचे नाव देत नाही, कारण ही कथा पुष्कळ गावांची आहे.

मंडपात बैठक चालली होती. आम्हांस वाटले, सप्त्याची वर्गणी असेल. पण विषय निघाला विजेचा. गाव ‘सौरग्राम’ करायचे होते. म्हणजे घरोघरी छपरावर सोलर बसवायचे आणि गावाला लागेल तेवढी वीज गावानेच उन्हातून करायची. एक तरुण पोरगा हातातली यादी वाचत होता. कोणाच्या घराला किती किलोवॅट, सरकारचे अनुदान किती, पदरचे किती. यादी संपली तेव्हा तो आनंदाने म्हणाला, “एवढी घरं झाली की आपलं गाव शंभर टक्के!”

दाराशी बसलेल्या एका म्हातारीने विचारले, “आणि माझं रं, बाळा?”

“मावशी, तुमचं घर यादीत न्हाई. ते गायरानात हाय. उतारा कुठाय तुमच्याकडं?”

“उतारा न्हाई, खरं ऊन तर माझ्या बी पत्र्यावर पडतंय की.”

सगळे हसले. आम्हीही हसलो, हे कबूल करतो. पुढे पाऊस ओसरला, आम्ही निघालो. आणि वाटेने जसजसे चालत गेलो, तसतसे ते हसणे घशात अडकू लागले. म्हातारीने केलेला तो विनोद नव्हता, तिने प्रश्न विचारला होता. त्याच प्रश्नाचा विचार आज सुज्ञ वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम ही योजना काय आहे ते पाहू. दिनांक १३ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली. छपरावर एक किलोवॅटचे पॅनेल बसवणाऱ्यास ३० हजार रुपये, दोन किलोवॅटला ६० हजार, तीन वा अधिक असल्यास ७८ हजार रुपये अनुदान. एका किलोवॅटमागे महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट वीज होते. बेताच्या संसाराला एवढी पुरते. शिवाय प्रत्येक जिल्ह्यातून एक आदर्श सौरग्राम निवडून त्यास एक कोटी रुपये द्यावयाचे, अशीही तरतूद आहे. महाराष्ट्रात पहिले सौरग्राम होण्याचा मान २०२४ साली सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडीला मिळाला. आमच्या करवीर तालुक्यातील शेळकेवाडीही त्याच वाटेने गेली. तिने तर आधी घरोघरी गोबरगॅस केला आणि मग छपरे उन्हाला दिली.

आता कोणी म्हणेल, बुवा, वीज ही प्रपंचाची बाब. वारकऱ्याने नामस्मरण करावे, मीटरच्या आकड्यांत कशास पडावे? त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे की ज्या संप्रदायाचे संत दळताना, कांडताना, मळ्याला पाणी पाजताना आणि मडकी घडवताना देवाला हाक मारीत होते, त्या संप्रदायाला चुलीतल्या जाळाचा आणि घरातल्या दिव्याचा विटाळ कधीच नव्हता. सावतोबांचा मळा हीच त्यांची पंढरी होती. सावतोबा आज असते तर रात्री दोन वाजता मोटर चालू करायला बांधावरून गेले असते, हेही ध्यानात घ्या. आमच्याकडील ऊसकरी शेतकऱ्याला वर्षानुवर्षे रात्रीची वीज मिळत आली. अंधारात, चिखलात, साप-विंचवाच्या भयाने, आणि राधानगरी-भुदरगडाकडे गव्याच्या भयाने, माणसे पाणी पाजत राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात महावितरणच्या कचेरीसमोर शेतकरी धरणे धरून बसले, त्यांचे मागणे काय होते? दिवसा वीज द्या. माणसाने रात्री झोपावे आणि दिवसा कष्ट करावेत, एवढे साधे मागणे मांडण्यासाठी रस्त्यावर बसावे लागले. ती गरज भागवण्यासाठी आता ठिकठिकाणी शेतीसाठी सौरप्रकल्प उभे राहत आहेत. शिरोळ तालुक्यातील कोंडिग्रे येथील प्रकल्पाचे लोकार्पण ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. हे सारे आम्हांस मनापासून चांगले वाटते. उन्हाच्या विजेने दगडी कोळशाचा धूर कमी होतो, हा लाभ तर आहेच.

परंतु चांगल्या गोष्टीतच सावधपण अधिक लागते.

छपरावरच्या विजेचा व्यवहार कसा चालतो, हे आम्ही एका जाणत्या वायरमनकडून समजावून घेतले. आम्हांस वाटत होते की दिवसभराची वीज कोठेतरी घरातल्या बॅटरीत साठवत असतील. तसे बहुधा नसते. दुपारी घरात कोणी नसते, तेव्हा छपरावर झालेली वीज तारेतून बाहेर जाते, ती शेजारपाजारी, गिरणीत, पंपावर वापरली जाते. रात्री आपल्याला लागते तेव्हा तीच तार आपल्याला वीज आणून देते. मीटर देणे-घेणे दोन्ही मोजतो, आणि वर्षाचा हिशेब मार्चअखेर मिटतो. हे ऐकताच आम्ही म्हणालो, अरे, हा तर काला! सप्त्याच्या शेवटी काल्याच्या कीर्तनात काय होते? ज्याच्या त्याच्या शिदोरीतले दही, लाह्या, पोहे, लोणचे, सारे एका हंडीत पडते. मग जो घास हाती येतो तो कोणाच्या घरचा, हे कोणी विचारीत नाही. आमच्या आषाढ-श्रावणात, जेव्हा गगनबावड्याकडे आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा छपरावरची पॅनेले जवळजवळ उपाशीच असतात. त्या दिवसांत आपल्या घरातला दिवा दुसऱ्या कोणाच्या तरी विजेवर, कुठल्या दूरच्या धरणावर अथवा कोळशावर जळतो. ‘माझी वीज मीच करतो’ असे म्हणणाऱ्याने एवढे आठवावे. एकट्याचे असे येथे काही नाही.

मात्र काल्यात आणि या व्यवहारात एक भेद आहे, आणि म्हातारीने नेमके त्यावरच बोट ठेवले. काल्याला ज्याच्याजवळ शिदोरी नाही तोही येतो, आणि त्याच्याही ओंजळीत तेवढेच पडते. येथे मात्र हंडीत काही घालावयाचे तर आधी छप्पर पाहिजे. छप्पर म्हणजे स्वतःच्या मालकीचे, नावावर असलेले, पॅनेलचे वजन पेलणारे छप्पर. ज्याचे घर स्लॅबचे, त्याचे काम पहिल्या दिवशी होते. ज्याचा पत्रा गंजलेला, त्याचे अडते. जो भाड्याने राहतो त्याला विचारावयासच कोणी जात नाही. आणि ज्याच्या घराखालची जमीन त्याच्या नावाची नाही, तो यादीतच नसतो. ऊन देवाने कोणाचे तोंड न पाहता दिले. ते अडवणारे कागद माणसाने केले.

वाचकांपैकी कोणी कायद्याचे जाणकार म्हणतील, गायरान हे गुरांचे, गावाचे. तेथे घर बांधले ती चूकच. बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी जो निर्णय दिला, त्यात गाईगुरांच्या मुखातील घास राखण्याचीच बुद्धी आहे, आणि ज्याने धनदांडगेपणाने गायरान गिळले त्याची बाजू आम्ही घेणार नाही. पण एक गोष्ट मनाला टोचते. शेतीच्या सौरप्रकल्पांना सरकारी जमीन, कित्येक ठिकाणी हेच गायरान, नाममात्र भाड्याने दिले जाते. तेही लोकहितासाठीच, यात वाद नाही. परंतु एकाच गायरानात एका टोकाला कुंपण घालून पॅनेले उभी राहतात तेव्हा त्यास विकास म्हणतात, आणि दुसऱ्या टोकाला भूमिहीन बाईने दोन खण उभे केले तर त्यास अतिक्रमण म्हणतात. गाई मात्र दोन्ही टोकांना उपाशीच. येथे कोणता न्याय झाला, हे आम्हांस कोणी समजावून सांगेल तर ऋणी होऊ.

विजेची आणि न्यायाची ही ओढाताण आजची नव्हे. मान्याचीवाडी ज्या पाटण तालुक्यात आहे त्याच तालुक्याकडे पाहा. तेथेच कोयनेचे धरण झाले, १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली, मुंबईच्या गिरण्या आणि निम्म्या महाराष्ट्राचे दिवे तिच्यावर चालले. त्या पाण्याखाली ज्यांची घरे, शेते आणि देव्हारे गेले ती माणसे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, कुलाबा, ठाणे अशा परमुलखात विखुरली, आणि कित्येकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न त्यांच्या नातवंडांच्या हयातीपर्यंत लोंबकळले. ज्यांचे गाव बुडाले त्यांच्या नव्या झोपडीत दिवा लागायला वर्षे गेली. पुढे त्याच तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. डोंगरावर पाती फिरत, आणि खाली वाड्यावस्त्यांतील माणसे मान वर करून ती पाहत. वारा त्यांचा, डोंगर त्यांचा, वीज मात्र तारेतून दूर गेली. आणि आता तिसऱ्या खेपेस, मान्याचीवाडीत, वीज गावाच्या स्वतःच्या छपरावर उतरली. साठ वर्षांत तीन उजेड! पहिल्या दोहोंपेक्षा हा तिसरा आम्हांस अधिक जवळचा वाटतो, तो याचसाठी की येथे कोणाला उठवून लावावे लागले नाही.

कोयनेच्या वेळी ‘राष्ट्रासाठी त्याग’ हा शब्द फार ऐकू येत असे. त्यागाविषयी आमच्याकडे तुकोबारायांची कथा परंपरेने सांगतात. सावकारीची खते इंद्रायणीत बुडवताना त्यांनी ती सगळी बुडवली नाहीत. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबांच्या, हवाली केली आणि आपल्या वाट्याची तेवढी पाण्यात सोडली. लहानपणी कीर्तनात ही कथा ऐकताना आम्हांस वाटे, एवढे विरक्त महाराज, सगळीच का नाही बुडवली? मोठेपणी अर्थ उमगला. त्याग आपल्या वाट्याचा करावयाचा असतो. भावाच्या वाट्याचे आपण बुडवले तर त्याला त्याग म्हणत नाहीत, त्याला दुसरे नाव आहे. कोयनाकाठच्या माणसांच्या वाट्याचे ज्यांनी बुडवले ते स्वतः कोरड्यात होते. आज सौरग्रामाच्या यादीतून शेवटची चार घरे गाळून ‘शंभर टक्के’ म्हणणारा गावही तेच करतो, फक्त थोड्या प्रमाणात.

शेळकेवाडीचा उल्लेख वर आला, त्याविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. गोबरगॅसचा आमच्या जिल्ह्याला जुना लळा आहे. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते. चार-पाच जनावरे दावणीला असली की ते सहज निघते. सकाळी बादलीभर शेणकाला ढवळून ओतला की घरातली चूल पेटते, लाकूडफाट्यासाठी डोंगर धरावा लागत नाही, आणि उरलेली रबडी उसाला जाते. धुराने डोळे गेलेल्या आमच्या आया-आज्या आठवल्या म्हणजे या निळ्या ज्योतीला हात जोडावेसे वाटतात. पुष्कळ ठिकाणी घराच्या संडासाची जोडणीही याच संयंत्राला देतात. आणि येथे आमच्या माळकरी मंडळींचे पाऊल अडखळते. “त्या गॅसवरचा नैवेद्य विठ्ठलाला कसा दाखवायचा?” हा प्रश्न आम्हांस एका वृद्ध माउलीने अगदी कळवळून विचारला होता. टर उडवण्याजोगा तो प्रश्न नाही. सोवळ्यात ज्यांचा जन्म गेला त्यांच्या मनाला ते खरोखरच जड जाते.

आम्ही तिला वाद घातला नाही. एवढेच म्हणालो, “आजी, तुळशीला घालता ते खत कशाचं? इंद्रायणी भात पिकतो तो कोणत्या मातीत? माती तर सगळं घेते आणि सगळं शुद्ध करून देते. अग्नीचंही तसंच.” कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे आणि संडासाचे प्रयोग आयुष्यभर केले, ते ब्राह्मणाचे पोर असून हातात घमेले घेऊन केले. गाडगेबाबा तर दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत; घाण ज्या हातांनी काढली त्याच हातांनी टाळी. म्हातारीला आमचे पटले की नाही ते ठाऊक नाही. ती म्हणाली, “नैवेद्य चुलीवर करीन, बाकीचं गॅसवर.” हा तोडगा आम्हांस मुळीच वाईट वाटला नाही. पण मनात आले, जे आपण घाण म्हणून दूर लोटतो त्यातच जर जाळ दडलेला निघाला, तर ज्यांना आपण वेशीबाहेरचे म्हणून यादीतून वगळतो त्यांच्याविषयीही पुन्हा विचार करावयास हवा. चोखोबा महाद्वाराबाहेर उभे होते तेव्हाही राउळात नंदादीप तेवतच होता. ते दार सर्वांना मोकळे व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. दिवा आत होता याचे कौतुक कोणाला?

या योजनेविषयी आणखी एक आशा बाळगली जाते: वीज स्वस्त झाली की गाव पुन्हा वसेल, मुंबई-पुण्याला गेलेली पोरे परत येतील. शाहूवाडी, आजरा, चंदगडाकडील कित्येक वाड्यांत आज म्हातारी माणसे आणि कुलपे एवढेच उरले आहे. तेव्हा ही आशा कोणालाही गोड वाटावी. आमचा अनुभव मात्र जरा सावध करतो. इचलकरंजी एके काळी जहागिरीचे लहान गाव होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला, आणि त्या मागाभोवती पुढे शहर उभे राहिले. यंत्र आले म्हणून माणसे आली हे खरे, पण त्या यंत्रावर हातांना काम होते म्हणून आली. नुसत्या बिलाच्या सुटीने कोणी गावी येत नाही. छपरावरची वीज घरात खेळवून जर पोरगा रात्रभर मोबाइलवर जुगार खेळला, तर त्या घरात उजेड झाला असे आम्ही म्हणणार नाही. उलट त्याच विजेवर एखाद्या सुनेने शेवयांचे यंत्र चालवले, एखाद्याने पिठाची गिरणी टाकली, दुधाचा कॅन थंड राहिला, शाळेत मुलांना संध्याकाळी बसता आले, तर गाव खरोखर थोडे उभे राहिले. वाचलेले पैसे आणि वाचलेला वेळ कोठे जातो, यावर सारे आहे. आणि ते ठरवणारा कोणी इंजिनियर नसतो.

असो. त्या गावी आम्ही पुन्हा गेलो, ते कार्तिकात, काकड्याच्या दिवसांत. पहाटेच्या अंधारात देवळापुढचे दिवे लख्ख लागले होते. सभामंडपाच्या स्लॅबवर पॅनेले बसली होती. यादीवाला पोरगा भेटला. त्याने उत्साहाने सांगितले की देवळाचे बिल आता जवळजवळ येत नाही, तेव्हा वाचलेल्या पैशांतून गायरानातील घरांची बिले भरावीत असे मंडळींनी ठरवले. आम्हांस संतोष झाला. आम्ही म्हणालो, हे फार उत्तम झाले.

“उत्तम कुठलं, बुवा,” तो म्हणाला, “मावशी ऐकंनात.”

मावशी पायरीपाशी सडा घालीत होत्या. आम्ही विचारले तर झटकन म्हणाल्या, “बिल भरायला मी काय मेलेय का? भांगलणीला जातोय की अजून. देवाचा पैसा मला कशाला? मला माझ्या जाग्याचा उतारा द्या, मी माझं सोलर माझ्या पत्र्यावर घालतो.” आमच्याकडच्या बायका अशाच पुरुषी बोलतात, परगावच्या वाचकांनी नवल मानू नये.

आम्ही निरुत्तर झालो. खरे सांगायचे तर लाजलोही, कारण देवळाच्या पैशाची ती व्यवस्था ऐकून आम्ही मनातल्या मनात हा लेख तेथेच संपवला होता. दानावर भागले असते तर गावाला सोपे गेले असते. ती मागत होती हक्क. आणि हक्काचा रस्ता तलाठ्यापासून तहसीलापर्यंत, तेथून आणखी वर, लांबच लांब जातो. गायरान नियमित होईल की नाही, तिला दुसरीकडे गावठाणात जागा द्यावी लागेल की काय, हे कोणालाच सांगता येईना. तरी ग्रामसभेने एक केले होते. तिच्यासह त्या वस्तीतल्या सगळ्या घरांना हक्काची जागा मिळावी असा ठराव केला होता, आणि तोवर गावापुढे ‘शंभर टक्के’ची पाटी लावायची नाही, असेही ठरवले होते. पाटीवरून दोन दिवस भांडण झाले म्हणे. काही जण अजून रुसलेले आहेत.

यादीवाल्या पोराने खिशातून अर्जाची प्रत काढली. मावशींनी हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, “बुवा, तुम्ही वाचून दावा बरं एकदा. ह्यो पोरगा लई भरभर वाचतोय.” आम्ही देवळापुढच्या दिव्याखाली उभे राहून अर्ज वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवले. वय चुकले होते. पाच वर्षे कमी लिहिले होते. पोराने पेन काढून ते तेथल्या तेथे दुरुस्त केले. तेवढ्यात आत टाळ वाजला, आणि आम्ही तिघेही काकड्याला आत गेलो.